वेदाची वळकटी

"गुरुजी, तुमचा वेद दाबून एवढुसा झाला," असं मी मोठ्या फुशारकीनं बोटाच्या चिमटीनं दाखवलं, आणि सत्तरी ओलांडलेले अनंतगुरुजी माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन खाली बसले. हातातला तांब्या कलंडला. गंगेचं पाणी पायरीवरून गल्लीत उतरलं, तसा समोरचा पानवाला ओरडला, "का हुआ नाना? गुरुजी को चक्कर आ गया का?"

चक्कर नव्हती. माझं बोलणं ऐकून माणूस हादरला होता. आणि तो का हादरला हे पुढे मला समजलं, तेव्हा मी त्याच्याहून जास्त हादरलो.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, म्हणून हे संपादक माझ्या मागे लागले. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे. लिहीन, पण माझ्या लिहिण्यात कुणी शहाणपणा करून बदल करायचा नाही. त्यांनी कबूल केलं, म्हणून लिहितोय.

आमचे आजोबा देशावरून काशीत आले ते अन्नछत्रात आचारी म्हणून. मला पोळपाट-लाटणं कधी जमलं नाही. दुर्गाघाटाजवळच्या एका छापखान्यात मी जुळारी म्हणून लागलो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ती पण उलटी. संस्कृत पोथ्या जुळवल्या, पंचांगं जुळवली, लग्नाच्या पत्रिका तर किती. अर्थ विचाराल तर अर्ध्याहून जास्त समजत नव्हतं. पण अक्षराचा चेहरा माझ्या बोटांना अंधारात समजायचा. पुढे मालकांनी खिळे भंगारात घातले आणि कंप्युटर आणला. शिकलेली दोन पोरं आली, कंटाळून गेली. मी बसलो तो उठलोच नाही. इंग्रजी येत नव्हतं, आजही येत नाही. पण खिळे ओळखणाऱ्याला अक्षर ओळखायला भाषा लागत नाही. छापखाना बंद झाला तेव्हा तोच कंप्युटर मी मालकांकडून विकत घेतला आणि गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मांडला. ही नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा आमच्या गल्लीत फोन दोन घरी होता, आणि कंप्युटर फक्त माझ्याकडे. सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते अशी ती गल्ली. तिथं लोक मशीन बघायला दर्शनाला आल्यासारखे यायचे आणि चपला बाहेर काढायचे. मी कधी काढू नका म्हटलं नाही.

आता धंदा काय ते सांगतो. यात्रेकरू स्टेशनवर उतरतो तेव्हा त्याच्या काखेत वळकटी असते. गादी, पांघरूण, धोतर, सगळं एकात एक घट्ट गुंडाळून दोरी बांधलेली. तेच सामान घरात पसरलं तर अर्धी खोली अडते. कंप्युटरमधल्या फायलीची अशीच वळकटी बांधता येते. कारण त्या काळी सामान न्यायचं ते फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी म्हणजे हातरुमालाएवढी पिशवी. फक्त वळकटी बांधणारे प्रोग्राम वेगवेगळे, आणि एकाची गाठ दुसऱ्याला सुटायची नाही. कुणी एआरजेनं बांधायचा, कुणी झिपनं, कुणी आणखी कशानं. पुण्याहून आलेली वळकटी इथं उघडेना, इथली तिकडे उघडेना. मग यायचे माझ्याकडे. मी एक गाठ सोडायचो, सामान पसरून मोजून बघायचो, आणि पाहिजे त्या गाठीनं परत बांधून द्यायचो. काम एवढंच. पण सामान पसरायला मध्ये जागा लागते, आणि माझ्या मशीनची डिस्क लहान. म्हणून एकाचं काम झालं की त्याचं सामान पुसायचं, मगच दुसऱ्याचं घ्यायचं. हे मी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असे.

गिऱ्हाईकं एकेक अजब. एक साडीवाला नक्षीच्या फायली घेऊन यायचा. त्याला भीती, की दाबल्यावर साडीची किनार बारीक होईल. दर वेळी विचारायचा, "नाना, पल्लू तो छोटा नहीं होगा?" विद्यापीठातला एक विद्यार्थी वळकटी घेऊन आला आणि म्हणाला, हिचीच आणखी एक वळकटी बांधा, मग तिची आणखी एक, म्हणजे सगळं एका फ्लॉपीत बसेल. मी म्हटलं, "बाळा, एकदा पिळलेलं धोतर परत पिळून पाणी निघत नाही." ऐकेना. माझ्यासमोर बसून चार वेळा करवून घेतलं. शेवटची वळकटी पहिलीपेक्षा थोडी मोठीच निघाली, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, जसं मीच त्याच्या फ्लॉपीत काही भरलं.

आणि मग आले अनंतगुरुजी.

गुरुजी म्हणजे घनपाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेद नुसता सरळ पाठ केला की झालं, असं नाही. त्याचे शब्द पुढे-मागे करून म्हणायचे, म्हणजे एकही अक्षर हलत नाही, गळत नाही. समजा तीन शब्द आहेत, गंगा, पाणी, थंड. तर घन असा चालतो: गंगा पाणी, पाणी गंगा, गंगा पाणी थंड, थंड पाणी गंगा, गंगा पाणी थंड. मग पाणी धरून पुढचा शब्द घ्यायचा आणि परत तसंच. शिवाय स्वर वर-खाली, आणि त्याप्रमाणे हात वर-खाली. गुरुजींच्या तोंडून हे निघायचं तेव्हा घाटावरचे नावाडी वल्हं थांबवून ऐकायचे.

गुरुजींचा मुलगा सदाशिव बँकेत. भला माणूस, पण त्याला वेद म्हटलं की जांभई. घरात शिकणारा कुणी नाही, समोर बसून घन म्हणणारा जोडीदार आधीच मणिकर्णिकेला गेलेला. त्यात सातारकडच्या एका पाठशाळेनं कळवलं, की गुरुजींच्या घराण्याचा घन आम्हाला लिहून द्या, आम्ही इथं मुलांकडून पाठ करून घेऊ. गुरुजी माझ्याकडे आले. "नाना, तू पोथ्या जुळवल्यास. दुसऱ्या कुणाच्या हाताला मी हे देणार नाही."

छाती फुगली माझी.

रोज सकाळी स्नान-संध्या उरकून गुरुजी धाबळी पांघरून यायचे, पाटावर बसायचे. ते म्हणायचे, मी टाइप करायचो. स्वरांच्या खुणांसकट. निवडक सूक्तंच घेतली होती, तरी संपता संपेना. एक अट त्यांनी घातली, "अखंड लिही. मधे तोडायचं नाही." मी सांगून पाहिलं, की लहान लहान फायली बऱ्या. "मंत्राचे तुकडे? दुर्गाघाटावर?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी सगळं एकाच फाइलीत घातलं. ती फाइल फ्लॉपीत मावेना. मी एआरजेनं वळकटी बांधली, आणि काय सांगू, मावून फ्लॉपीचा मोठा भाग रिकामाच राहिला. इतकं लहान होताना मी कुठलीच फाइल बघितली नव्हती. म्हणून तर आनंदानं चिमटी दाखवली.

गुरुजी पायरीवर बसले. तांब्या उचलायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"बाकीचं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं नाही गुरुजी. यंत्राची युक्ती आहे. जे परत परत येतं ते एकदाच लिहायचं. पुढे नुसती खूण, की मागचं अमुक बघ. तुमच्या घनात सगळं परत परतच येतं. म्हणून एवढं दाबलं गेलं."

"म्हणजे जे परत येतं ते तुझं यंत्र काढून टाकतं?"

"काढून म्हणजे, उघडलं की सगळं जसंच्या तसं. तपासणीचा आकडा असतो आत. एक अक्षर हललं तरी यंत्र ओरडतं."

"आणि ओरडून दुरुस्त करतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. कारण ते नुसतंच ओरडतं.

"अरे नाना," गुरुजी पुटपुटले, "ते परत येणं शिकण्यातच माझं आयुष्य गेलं. एकदा म्हणणं कुणालाही येतं रे."

मी त्यांना वळकटीच्या दोन फ्लॉप्या करून दिल्या. एक हरवली तर दुसरी. त्यांनी त्या धाबळीत गुंडाळून छातीशी धरून नेल्या. नियमाप्रमाणे मी मशीनवरचं पुसलं आणि साडीवाल्याची किनार घेतली.

पावसाळा गेला. पाठशाळेचा फोन सदाशिवच्या बँकेत आला. फ्लॉपी अजून पोचली नाही, आणि सदाशिवनं कळवलेली एआरजे त्यांच्याकडच्या मशीनला उघडत नाही, तेव्हा झिप करून पाठवा. माझं रोजचंच काम. म्हटलं, घेऊन ये, चहा होईपर्यंत करून देतो.

सदाशिव आला आणि त्यानं ताम्हन पुढे केलं. ताम्हनात दोन फ्लॉप्या. मी बघतच राहिलो. दोन्हीवर गंधाचे टिळे, एकावर एक असे किती, कवचावर पुटंच चढलेली. वर अक्षता चिकटलेल्या. आणि एकीच्या धातूच्या सरकत्या झाकणाच्या फटीत वाळलेलं तुळशीचं पान.

"सदाशिवा, हे काय रे?"

"बाबांनी देवघरात ठेवल्या होत्या. वेद आहे म्हणाले, कपाटात कसा ठेवू? रोज पंचायतनाबरोबर स्नान, गंध, फूल."

"स्नान!"

"पळीभरच," सदाशिव म्हणाला. आणि मग माझा चेहरा बघून, "नाना, तुम्ही बसा आधी."

मी बसलो. माझ्या जन्मात मी चहा सांडलेली फ्लॉपी बघितली, उंदरानं कुरतडलेली बघितली, एका गिऱ्हाइकानं दोन घड्या घालून खिशात आणलेली बघितली. रोज अभिषेक झालेली फ्लॉपी बघितली नव्हती. रागावायचं तरी कुणावर? वेद देवघरात ठेवला, यात चुकीचं काय सांगणार?

पहिली फ्लॉपी मशीनमध्ये घातली, तर खर्र खर्र असा आवाज, जसा कुणी पाटा टाकी लावून घेतोय. वाचायचं नाव नाही. दुसरी घातलीच नाही. ब्लेडनं तिचं कवच उघडलं. आतली काळी चकती निघाली, तिच्यावर चंदनाचे ओघळ. ही चकती धुता येते, हे मला एका इलेक्ट्रिकवाल्यानं सांगितलं होतं. गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मागवलं.

"गंगाजल आहे घरी," सदाशिव म्हणाला.

"सदाशिवा, तू आता एक शब्द बोलू नकोस."

चकती धुतली, सावलीत वाळवली, नव्या फ्लॉपीचं कवच फोडून त्यात बसवली. मशीननं वाचायला सुरुवात केली. मी हात जोडून बसलो होतो, हे मला सदाशिवनं नंतर सांगितलं. निम्म्यापर्यंत आलं आणि यंत्र ओरडलं. आकडा जुळत नाही. तरी मी निघालं तेवढं उघडून बघितलं. निम्म्यापर्यंत एकेक अक्षर स्वच्छ, स्वरांसकट. आणि तिथून पुढे राख. अक्षरंच, पण कशाला कशाचा मेळ नाही. कारण वळकटीत पुढची प्रत्येक खूण मागच्यावर टेकलेली. मधली एक वीट निघाली, की पुढचं सगळं कोसळतं.

मी सदाशिवला धीर दिला. "काही बिघडत नाही. गुरुजी आहेत. पुढचं परत सांगतील, मी परत टाइप करीन."

सदाशिव माझ्याकडे बघत राहिला. मग रिकामं ताम्हन उचलून निघाला.

दुसऱ्या दिवशी फाइलीतला शाबूत अर्धा भाग कागदावर काढून मी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी गंगेवर उघडणाऱ्या खिडकीशी बसले होते. सगळं सांगितलं. गंधाचं सांगितलं नाही, फ्लॉपी बिघडली एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "कुठं तुटलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी हात वर केला, सुरुवात केली. दोन फेरे झाले. तिसऱ्याला आवाज थांबला. हात तसाच वर. परत सुरुवात केली, परत तिथंच थांबले. खाली एक नाव गेली, तिच्या वल्ह्याचा आवाज वरपर्यंत आला.

"गुरुजी?"

"पुढचा शब्द नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक आहे. अनंतगुरुजींना शब्द नाही? काशीतला हा घाट उद्या जागेवर नसेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी एवढा दचकलो नसतो. सदाशिव दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं.

"म्हणूनच लिहून घेतलं ना तुझ्याकडून," गुरुजी म्हणाले. "मागच्या शिमग्यापासून जातंय. आधी माणसांची नावं गेली. म्हटलं, जाऊ देत. मग एक दिवस घाटावर स्वर गेला. तेव्हा घाबरलो आणि तुझ्याकडे आलो."

सदाशिव भिंतीतल्या कपाटाकडे गेला. "बाबा, पोथी काढतो. मंत्र छापलेला आहे. एक शब्द तर बघायचा."

"हात लावू नकोस!" एवढ्या मोठ्यानं ओरडले, की खिडकीतलं माकड पळालं. "पोथीत मंत्र आहे, घन नाही. आणि पोथी बघून सांगायचं असेल तर मी कशाला पाहिजे? सातारला पोथ्या नाहीत?"

मी पण हट्टी. गुरुजींनी दिवसभर तसं बसायचं आणि मी कागद घेऊन परत जायचं, हे मला मान्य नव्हतं. मी त्यांच्यासमोर पाट ओढून बसलो. म्हटलं, "मागून धावत येऊ." आणि निम्म्या भागातलं मोठ्यानं वाचायला लागलो. माझं म्हणणं म्हणजे काय असणार? स्वर चुकले, र्‍हस्व-दीर्घ चुकलं.

"गाढवा, वर!" गुरुजींनी माझा हात धरून वर केला. "खाली. हां. तिथं एक फेरा खाल्लास. पुन्हा."

चूक त्यांना ऐकवत नव्हती. मी चुकायचो, ते दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त करता करता तेच पुढे चालू लागायचे. असे आम्ही त्या मोडक्या जागेपाशी आलो. आणि ते परत थांबले. कपाळावर घाम.

मला यंत्राचा राग आला होता, तोच तोंडातून निघाला. "गुरुजी, माझं यंत्र आंधळं आहे. त्याला सुरुवातीकडूनच यावं लागतं, शेवटाकडून उलटं येता येत नाही. तुम्हाला येतं ना? त्या शब्दाच्या पलीकडचे आठवतात का?"

"पलीकडचे आहेत."

"मग पलीकडून या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटले. गंगा पाणी थंड यातलं पाणी हरवलं असेल, तर थंडवरून उलटं गंगेकडे यायचं, असं ते. पलीकडचे शब्द पकडून ते उलटे निघाले. एक, दोन, आणि तिसऱ्या जागी हरवलेला शब्द आपोआप जिभेवर आला. असा सहज, जसा तो कुठं गेलाच नव्हता. गुरुजींनी तो परत म्हटला. सरळ म्हटला. उलटा म्हटला. डोळ्यांतून पाणी, आणि हात मात्र स्वराबरोबर वर-खाली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तुझं यंत्र हेच काढून टाकत होतं."

राहिलेला अर्धा आम्ही त्याच खिडकीत पुरा केला. अडले की पलीकडून यायचे. काही वेळा तेही होईना, तेव्हा मी मुद्दाम चुकायचो. पुढे पुढे मला चुकायला चांगलं जमू लागलं. या वेळी मी लहान लहान फायली केल्या. गुरुजींना विचारलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पाठशाळेला झिप पाहिजे होती, ती मी करून दिली. पण तिच्याबरोबर एक गठ्ठा फ्लॉप्यांचा बांधला, त्यात सगळं न दाबलेलं, उघडं, एकेक फेरा परत परत असलेलं. एकीत बिघाड झाला तरी बाकीचं शाबूत राहील असं. पार्सल शिवून झालं तेव्हा गुरुजींनी चंदनाची वाटी पुढे ओढली. मी त्यांचं मनगट धरलं.

"गुरुजी, बाहेरून. आणि कोरडं."

तेव्हापासून मी कुणाचीही वळकटी सोडली, की एक प्रत न बांधलेलीसुद्धा देत असे. लोक चेष्टा करायचे. साडीवाला म्हणायचा, "नाना, दबवाने आते हैं, तुम फैला के दे देते हो." फैला के घेऊन जा, म्हणायचो, नाहीतर दुसरं दुकान बघ. दुसरं दुकान नव्हतंच गल्लीत.

सातारकडे तो घन आता म्हटला जातो, असं सदाशिव सांगतो. मी ऐकलेला नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. पुढे गुरुजींचं सगळंच गेलं. सदाशिवला ते भावाच्या नावानं हाक मारायचे. मी गेलो की सुनेला विचारायचे, हे कोण गृहस्थ आलेत, पाणी द्या. शेवटी मी गेलो त्या दिवशी खिडकीशीच होते. नजर नदीवर, पण नदी दिसत होती की नाही, देव जाणे. नाव सांगितलं, ओळख नाही. छापखाना सांगितला, फ्लॉपी सांगितली, काही नाही. काय करावं सुचेना, तेव्हा मी पाट ओढून समोर बसलो आणि घन म्हणू लागलो. जसा येत होता तसा. आणि घाईत की मुद्दाम, मलाच माहीत नाही, एक फेरा खाल्ला.

त्यांची मान वळली नाही. नजर नदीवरच. पण मांडीवरचा हात हळूहळू वर आला, स्वराच्या जागी थांबला, आणि अंगावर काटा यावा अशा त्या जुन्या, खणखणीत आवाजात ते म्हणाले,

"पुन्हा."